परत घेतलेला अंगठा

कागद आला की अंगठा द्यायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. आत काय लिहिलंय ते विचारायचं नाही. विचारलं तर लोक अडाणी म्हणतील, या भीतीपायी आपण आणखीनच अडाणी राहतो. खारशेतच्या आवडाबाईची ही गोष्ट त्याच खोडीची. ऐकताना ज्यानं त्यानं आपल्या अंगठ्याकडं एकदा बघून घ्यावं.

स्वातंत्र्य येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. म्हसळ्याच्या खाली, खाडीच्या काठाला खारशेत. तिथं तरवाल्यांचं घर कुणालाही विचारा, दाखवील. तीन पिढ्या या घरानं माणसं खाडीपार नेली. आवडाबाईचा नवरा येसाजी गेल्यापासून ही तर, म्हणजे खाडीपार ने-आण करायचा धंदा, तिच्या नावावर आणि सुकाणू नजमुद्दीन तांडेलाच्या हातात. गावात मात्र शब्द चालायचा तो आवडाबाईचा. तिनं लग्न ठरवलं म्हणजे ठरलं. तिनं नाक मुरडलं की त्या घरचं लोणचंसुद्धा कुणी चाखायचं नाही.

मंगळवारी सकाळी आवडाबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तेवढ्यात चांगदेव मास्तर कागदांची चळत घेऊन आले. मास्तर तरुण, मनाचे सरळ, पण घाटावरचे. त्यांच्या गावी पाणी म्हणजे विहिरीतलं, आणि तेही जागचं हलत नाही.

"आवडाबाई, आपल्या बालवीर पथकाला मेळाव्याचं बोलावणं आलंय! येत्या रविवारी, खाडीच्या पलीकडं, मुखाजवळच्या मैदानावर. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार. बावीस मुलं निवडलीत, आणि निशाण धरणार तुमचा सदू."

आवडाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. आपला सदू निशाण घेऊन पुढं, आणि मागं अख्ख्या गावाची पोरं! तिनं पदर सावरला.

"मग त्यात नवल काय? तरवाल्याचा नातू पुढं नाय चालणार तर काय दयारामाचा चालणार?"

दयाराम म्हणजे समोरचा किराणा दुकानदार. त्याला ऐकू जाईल अशाच बेतानं ती बोलली होती.

"फक्त या कागदावर अंगठा हवा," मास्तर म्हणाले. "वाचून दाखवतो. मुलाची प्रकृती ठीक आहे. मुलाला पाठवायला आमची हरकत नाही. मुलाला पोहता येतं..."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सून, सदूची आई राही, एकदम पुढं आली. तिनं तोंड उघडलं, पण आवडाबाईचा आवाज आधी निघाला.

"तरवाल्याच्या नातवाला पोहता येतं का, म्हणून विचारता? उद्या कावळ्याला विचाराल, बाबा तू काळा हायस का! आणा ती शाई."

आणि तिनं अंगठा असा दाबला की शाई मागच्या पानावर उमटली.

बावीस घरं, आणि सगळीकडं एकच प्रश्न. आवडाबायनं दिला का? दिला? मग आमचापण घ्या. शेजारच्या ठमाबाईचा पोरगा चिखलात भाताची रोपं लावणारा, पाण्यात कंबरेच्या वर कधी गेलेला नाही. पण आवडाबायनं दिलाय म्हटल्यावर ठमाबाईनं दोन्ही अंगठे पुढं केले. मास्तरांनी एकच घेतला. दुपारपर्यंत बावीस कागद भरले.

आता खरी गोष्ट ऐका. सदूला पोहता येत नव्हतं.

आवडाबाईचा धाकटा मुलगा रतन सात वर्षांपूर्वी याच खाडीत गेला. तेरा वर्षांचा होता. गाव म्हणालं, पट्टीचा पोहणारा, पण धारेत सापडला. आवडाबाईनं गावाला तसंच म्हणू दिलं. खरं काय ते तिला ठाऊक होतं आणि नजमुद्दीनला. रतनला पोहायला कुणी शिकवलंच नव्हतं! तरवाल्याचा पोर, पाण्याकाठी जन्मला, येईल आपोआप, असं जो तो धरून बसला. आणि तो गेल्यावर तिनं नातवाला गुडघाभर पाण्यापलीकडं पाऊल टाकू दिलं नाही. एका पोराला शिकवलं नाही म्हणून घालवला, आणि दुसऱ्याला तो गेला म्हणून शिकवलं नाही. आपल्या माणसाचं असंच असतं. चूक कळते, पण ती कबूल करायची वेळ येते तेव्हा जीभ टाळ्याला चिकटते.

बुधवारी नजमुद्दीन तांडेल स्वतः घरी आला. तो कधी ओटी चढायचा नाही, पायरीवरच बसायचा. त्या दिवशी बसलाच नाही.

"वयनी, रविवारचं हे कुणी ठरवलं?"

"वरून आलंय. सकाळी आठाला जायचं, दुपारी साडेतीनला निघायचं. कागदावर लिवलंय."

"कागदावर तिथी लिवलीय का?"

"तिथीचं काय? लगीन हाय का कुणाचं?"

"लगीन तर हायच," तो म्हणाला. "माझ्या सफुराचं. मोठा मचवा रविवारी दुपारी भरतीचं पाणी मोडलं की वऱ्हाड घेऊन खाली जातोय, तो सोमवारी सकाळच्या भरतीवर येईल. महिन्यामागं तुलाच विचारून ठरवलंय. म्हंजे पोरांना उरली ती धाकटी होडी. तिच्यात दहा माणसं बसतात. बावीस पोरं, मास्तर, वर बटाट्याचं पोतं आणि तंबू. बरं, तेही एक वेळ सोड. रविवारी आमाशा हाय, वयनी."

आवडाबाईनं बोटांवर तिथी मोजली. तरवाल्यांच्या घरात राहून एवढं न समजायला ती काही दूधखुळी नव्हती. अमावास्येला बारा वाजता पाणी भरतं आणि मग उधाणाची ओहोटी लागते. साडेतीनला ती ऐन भरात. अख्खी खाडी समुद्राकडं धावत असते, समोरून वारा येतो, आणि मुखाशी वाळूच्या दांड्यावर पांढऱ्या लाटा उभ्या राहतात.

"मग थोडं वर ओढून न्यायचं," ती तरीही म्हणाली. "माझा धनी असता तर..."

"येसाजी असता तर त्यानं होडी सोडलीच नसती. पुढल्या रविवारी अष्टमी हाय, भांगाचं पाणी, जोर नसलेलं. सकाळी ओहोटीबरोबर आरामात जा, दुपारी भरती पाठीशी घेऊन या. पोरं झोपली तरी होडी घरी येईल. मास्तरला सांग, तारीख बदल."

"साहेब काय तुझ्या भरतीची वाट बघत बसंल? म्हातारा झालास नजू, घाबरायला लागलास."

तांडेलाला राग आला नाही. 

"व्हय, घाबरतो. चाळीस वर्षं घाबरतोय, म्हणून चाळीस वर्षं जिता हाय. जो घाबरत न्हाय त्याच्या नावेत मी माझी कोंबडीपण बसवणार न्हाय." मग त्यानं आवाज खाली केला. "वयनी, कागद मास्तरला वाचता येतो, साहेबाला वाचता येतो. पाण्याला वाचता येत न्हाय. सदूला पोहता येतं, असं तू पाण्याला कसं सांगशील?"

"चालता हो इथनं!"

तो चालता झाला. आवडाबाईनं शेंगांचं सूप पुढं ओढलं आणि सोललेले दाणे टरफलांत टाकले, टरफलं दाण्यांत.

शुक्रवारी संध्याकाळी सदू मागच्या पडवीत बसून गळपट्टी धुवत होता. पोर अकरा वर्षांचं. शेजारी दोरीचा तुकडा, त्यावर सात तऱ्हेच्या गाठी. राही चुलीपाशी भाकरी थापत होती. आवडाबाई आली तशी ती दोघं बोलायची थांबली.

"काय चाललीत खलबतं?"

राहीनं परातीतला हात थांबवला. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, सासूपुढं तिनं कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"आत्याबाय, पोर तीन दिस नीट जेवला न्हाय. काय झालंय ते त्याच्याच तोंडून ऐका. मी सांगितलं तर सून बोलली म्हणाल."

सदूनं गळपट्टी पिळली. पिळून झाली तरी पिळतच राहिला.

"आजी, काल मास्तरांनी विचारलं, कागद बाजूला ठेवा, खरंच कोणाला पोहता येत नाही त्यानं हात वर करा. रागावणार नाही म्हणाले."

"मग?"

"मी केला नाही. केला असता तर तुझा अंगठा खोटा पडला असता." त्यानं गळपट्टी पुन्हा पाण्यात बुचकळली. "ठमामावशीचा मोरू हात वर करत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. माझा हात खाली बघून त्यानंपण खाली घेतला. मग बाकीच्यांनी. सगळे माझ्याकडंच बघत होते आजी, कारण निशाण माझ्याकडं हाय. आम्ही बालवीर शपथ घेतो, खरं बोलायची. मी ती मोडली ना?"

आवडाबाई उंबऱ्यावर बसली.

तिला वाटलं होतं, आपण दिला तो एक अंगठा. त्या अंगठ्याखाली गावातले एकवीस अंगठे आले, आणि त्यांच्याखाली पोरांचे वर येऊ पाहणारे हात! रतन गेला तेव्हा निदान एकटा गेला होता. या वेळी ती अख्खी होडी भरून पाठवायला निघाली होती, आणि तीही वाजत गाजत!

"राही," ती म्हणाली, "मंगळवारी तू बोलायला पुढं आली होतीस."

"व्हय, आत्याबाय."

"मला ढकलून का बोलली न्हाईस?"

राहीनं परात पुढं ओढली. चुलीवरची भाकरी करपली तरी त्या संध्याकाळी सासूनं तिला टोकलं नाही.

शनिवारी सकाळी शाळेच्या अंगणात निरोपाचा थाट होता. आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, बावीस पोरं रांगेत, सगळ्यांच्या पुढं निशाण घेतलेला सदू. दयारामानं नारळ आणला होता आणि त्या नारळाबरोबर भाषणही. "आपल्या खारशेतचं नाव उद्या..." असं म्हणून त्यानं सुरुवात केली, तोच आवडाबाई उठली.

"दयाराम, नारळ खाली ठेव, हात दुखतील. मास्तर, माझा कागद काढा."

मास्तरांनी गोंधळून चळत चाळली आणि कागद दिला. तिनं तो उंच धरला. अक्षर तिला फार कळत नव्हतं, पण स्वतःचा अंगठा कोण ओळखणार नाही?

"हा अंगठा खोटा हाय!"

रांगेतली पोरं तिच्याकडं वळली.

"माझ्या सदूला पोहता येत न्हाय. तरवाल्यांच्या घरातला पोर हाय, अन् पाण्यात टाकला तर दगडासारखा तळाशी जाईल. आणि ऐका, ऐकलंत म्हणून मी काय मरत न्हाय. माझ्या रतनलापण येत नव्हतं! धार-बीर काय न्हाय. आम्ही त्याला शिकवलं न्हाय. सात वर्षं मी खोटी फुशारकी मारली. त्या फुशारकीवर तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिलेत. मी माझा परत घेतेय. ज्याचा खोटा असंल त्यानं आपला घ्या!"

 मग सदूनं निशाण डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात वर केला. मोरूनं केला. पाठोपाठ तिसरा, चौथा... बावीसांपैकी तेरा हात वर आले!

ठमाबाईनं पदर तोंडाला लावला. "अगं बाय माझे! मी कशावर अंगठा दिला होता गं!"

दयाराम नारळासारखाच घट्ट. तो म्हणाला, "वा! तरवाल्यांच्या घरात बुडणारी पोरं! गावाची शोभा झाली. साहेबाला काय सांगायचं?"

"बुडू नयेत म्हणून तर उभी राहून सांगत्ये," आवडाबाई गर्रकन वळली. "बुडाल्यावर सांगायला तू हायसच, भाषण घेऊन!"

मास्तरांचा चेहरा उतरला होता. "पण आवडाबाई, तारीख वरून आली आहे. वेळापत्रक छापलंय. आपणच गेलो नाही तर आपलं पथक..."

गर्दीच्या मागून नजमुद्दीन पुढं आला. "मास्तर, तारीख हापिसानं छापली, भरती खुदानं. दोघांची गाठ पडत नसंल तर बदलायची कुठली? जी माणसाच्या हातात हाय ती."

"तुमच्या नियमांच्या पुस्तकात काय लिहिलंय?" आवडाबाईनं विचारलं. "आज मोठ्यानं वाचा. मंगळवारी मी ऐकलं न्हाय, आज ऐकते."

मास्तरांनी पुस्तक काढलं. बोलता बोलता त्यांचाच आवाज हळू होत गेला. पाण्यावरच्या सहलीत प्रत्येक मुलाची पोहण्याची परीक्षा घ्यावी. नावेत ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त नको. सोबत दोन जाणती माणसं हवीत. स्थानिक नावाड्याचा सल्ला घ्यावा. मास्तरांनी पुस्तक मिटलं. "मी परीक्षा घेतली नाही," ते म्हणाले. "कागदावर भागवलं. तांडेलांना विचारलं नाही. चूक माझीही आहे." आणि त्यांनी तिथल्या तिथं साहेबांना पत्र लिहायला घेतलं. ते पत्र नजमुद्दीनचा पुतण्या हमदुल्ला त्याच दुपारी पलीकडं घेऊन गेला.

साहेबांनी मेळावा पुढं ढकलला नाही. तो रविवारीच झाला, आणि खारशेतचं पथक त्यात नव्हतं. पोरांची तोंडं सुपारीएवढी झाली होती. ती पाहून नजमुद्दीन साडेतीनच्या ठोक्याला त्यांना धक्क्यावर घेऊन गेला. वऱ्हाडाचा मचवा केव्हाच खाली गेला होता. लेकीचं लग्न, आणि हा बाप मागं थांबलेला! "धाकट्या होडीनं सांजच्या पाण्यावर जाईन," एवढंच तो म्हणाला. त्याच्या हातात पोहायला शिकताना कंबरेला बांधतात तो वाळका भोपळा होता.

"साडेतीन झाले. ही तुमची होडी." त्यानं भोपळा धारेत टाकला. "मोजा."

बावीस पोरं मोजू लागली. भोपळा काठानं जाईल असं वाटलं होतं. तो मधोमध ओढला गेला, गिरक्या घेत सुटला. दीडशेला तो खारजमिनीच्या बांधापलीकडं होता. तीनशेला ठिपका झाला. चारशेच्या आत दांड्यावरच्या पांढऱ्या लाटांत शिरला आणि पुन्हा दिसला नाही. पोरांचं मोजणं आपोआप थांबलं.

दयारामही धक्क्यावर आला होता. त्याचा नातूही त्या बावीसांत होता.  जाताना त्यानं आवडाबाईला एवढंच विचारलं, "वयनी, भोपळे कुठं मिळतील?"

"माझ्या मांडवावर," ती म्हणाली. "न्यायला ये. आणि पोराला घेऊनच ये."

दुसऱ्या दिवसापासून गावच्या तळ्यावर शाळा भरली. कंबरेला भोपळे बांधून तेरा पोरं, गळ्यापर्यंत पाण्यात नजमुद्दीन, आणि पायरीवर हातात काठी घेऊन आवडाबाई. पहिल्यांदा सदू पाण्यात उतरला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मग स्वतःलाच दटावून उघडले. "पाय मार, पाय! सायकल शिकतोयस का?" चौथ्या दिवशी ठमाबाईची पोरगी काठावर येऊन घुटमळू लागली. कुणीतरी म्हणालं, पोरीच्या जातीला कशाला? आवडाबाईनं काठी आपटली. "पाण्याला कळतं का, पोर कोण आणि पोरगी कोण? उतर गं!"

माघातली अष्टमी रविवारी आली. या वेळी पथक मेळाव्याला नव्हतं निघालं, स्वतःचीच सहल काढून त्याच मैदानावर जाणार होतं. सकाळी ओहोटी लागताना मोठा मचवा धक्क्याला लागला. चढण्याआधी एकेक पोर तळ्याच्या एका पायरीपासून समोरच्या खांबापर्यंत मास्तरांसमोर पोहून आलं होतं. एकटा मोरू अजून दमत होता, तो मागं राहिला. त्याच्या हातात मास्तरांनी घड्याळ दिलं. निघाल्याची आणि परतल्याची वेळ लिहिण्याचं काम त्याचं, आणि त्याला कुणी हसलं नाही.

मास्तरांनी कागद पुढं केला. आवडाबाईनं शाईला बोट लावलं नाही.

"वाचा."

त्यांनी वाचलं.

"पुन्हा वाचा. तिथी लिवलीय? परत यायची भरती लिवलीय? नजूला विचारलंत?"

"सगळं लिहिलंय, आवडाबाई."

"सदूला पोहताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, ते लिवलंय?"

मास्तर हसले. "ते लिहायचं राहिलं."

"मग लिवा," ती म्हणाली, आणि त्यांनी लिहिल्यावर अंगठा हळूच टेकवला. या वेळी शाई मागच्या पानावर उमटली नाही.

मचवा खाली गेला. दुपारी भरती पाठीशी घेऊन पोरं गाणी म्हणत परतली, आणि मोरूनं वेळ लिहिली, तीन वाजून दहा मिनिटं. निशाण सदूच्या हातात होतं, पण आवडाबाईनं आधी निशाणाकडं पाहिलं नाही. तिनं डोकी मोजली. एकवीस. मग निशाणाकडं पाहिलं.

बायांनो, बाप्यांनो, आपण पाण्याकाठची माणसं. आपल्या पोरांना पाणी आपोआप येईल ही घमेंड सोडा. रक्तातून नाक येतं, रंग येतो, पोहणं येत नाही. ते शिकवावं लागतं. वरून आलेल्या तारखेला मान द्या, पण ती आपल्या भरतीशी ताडून घ्या, आणि जुळत नसेल तर तसं सांगायची लाज वाटू देऊ नका. चार दिवस उशीर झाला म्हणून गावाचं नाव जात नाही. आणि कागद पुढं आला की आधी वाचून घ्या, पुन्हा वाचून घ्या, तरच अंगठा द्या. खोटा दिला गेला असेल तर चारचौघांत उठून परत घ्या! त्यात नाक जात नाही. गेलं तरी चालेल, पोर तर घरी येतं.